उसाकडे तोंड केलेली शेड

अवधूत सांगलीचा. पुण्याच्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता, पण गेली चार वर्षं विश्रामबागेतल्या घराच्या मागच्या खोलीत बसूनच तो आपली नोकरी करायचा. लग्नाला आठ वर्षं झाली तरी हा जावई नक्की करतो काय, हे त्याच्या सासऱ्यांना उमगलेलं नव्हतं. सासरे म्हणजे उंब्रजजवळच्या खडकोशीचे निवृत्त सुभेदार लालासाहेब. गावात कुणी विचारलंच तर "कंप्युटरमधी हाय" एवढं सांगून ते उसाच्या तोडीकडे विषय वळवायचे.

त्या भाऊबीजेला मात्र त्यांनी विषयाला हात घातला. जेवणं झाली होती. अवधूतची बायको राजनंदिनी आणि तिची आई राहीबाई आत आवराआवर करत होत्या. सोप्यावर सासरे, जावई आणि मधे फराळाचं ताट.

"पाव्हणं, एक इचारू? तुमी नक्की करता काय?"

"प्रोजेक्ट मॅनेजर आहे, मामा."

"ते ठावं हाय. पर करता काय? कंप्युटरचं ते समदं तुमी लिवता?"

"नाही, ते बाकीची मुलं लिहितात."

"मग तपासता?"

"तपासणारे वेगळे असतात."

"गिऱ्हाइकाला इकता?"

"त्याचा विभाग निराळा आहे."

लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजी कामं समदी दुसरी करत्यात, आन् तुमी इचारता, झालं का."

आत राजनंदिनी हसल्याचं ऐकू आलं. अवधूत हसला नाही. त्याने ताटातली चकली घेतली, तिचे पाच तुकडे केले आणि ते ओळीने मांडले. प्रत्येक कामाचे पाच भाग असतात, तो म्हणाला. पहिला आरंभ, म्हणजे काम कशासाठी आणि कुणासाठी ते ठरवणं. दुसरा नियोजन. तिसरा प्रत्यक्ष काम. चौथा देखरेख, चुकलं तर तिथल्या तिथे वळवणं. आणि पाचवा समाप्ती, म्हणजे काम नीट मिटवून ज्याचं त्याच्या हाती देणं. "या पाचांचा तोल राखायचा, हे माझं काम. एकाचे लाड केले की बाकीचे चार उपाशी राहतात."

लालासाहेब मन लावून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी पाचवा तुकडा तोंडात टाकला.

"झ्याक," ते म्हणाले. "मग आमची शेड करून द्या."

शेडची गोष्ट अशी होती. खडकोशीच्या फाट्यावर एसटी थांबायची तिथे एका बाभळीखेरीज आडोसा नव्हता, आणि बाभळीची सावली ती केवढी. गावातल्या माजी सैनिकांनी ठरवलं होतं की थांब्यावर शेड बांधायची आणि तिच्यावर गावातून फौजेत गेलेल्या सगळ्यांची नावं लावायची. ठरवून तीन वर्षं झाली होती. तेवढ्यात दोनदा भूमिपूजन झालं होतं. लालासाहेबांना आरंभाची फार हौस. नारळ फोडला की त्यांना अर्धं काम झाल्यासारखं वाटायचं, आणि उरलेल्या अर्ध्याचा कंटाळा यायचा. आता त्यांच्या पलटणीतले एक कर्नलसाहेब सव्वीस जानेवारीला उद्घाटनाला यायला कबूल झाले होते आणि तिथे बाभळीशिवाय अजून काही नव्हतं.

अवधूतने लगेच हो म्हटलं. आठ वर्षांत सासऱ्यांनी त्याला पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं, आणि तेही त्याला येत असलेलं.

सांगलीला परतल्यावर त्याने नियोजनाला सुरुवात केली. लालासाहेबांची हौस आरंभाची असेल, तर अवधूतची नियोजनाची. चारच दिवसांत त्याच्या तक्त्यात चाळीस कामं झाली, दहा दिवसांत नव्वद आणि तिसऱ्या आठवड्यात एकशे अठरा. प्रत्येक कामापुढे जबाबदार माणूस, लागणारे दिवस आणि कुठल्या कामावर कुठलं काम अवलंबून आहे त्याचे बाण. धोक्यांची यादी वेगळी. तिच्यात अवकाळी पाऊस होता, सिमेंटचा तुटवडा होता, ओल्या काँक्रीटवरून म्हैस जाणं होतं आणि त्या म्हशीवरचे तीन उपायही होते.

राजनंदिनी कॉलेजात शिकवून आली की दारातूनच पडद्यावरचा तो रंगीत पट बघायची.

"खोदायला कधी लागणार?" तिने एकदा विचारलं.

"अडतीस नंबरला आहे."

"शंभूला कळवलंस?"

"तक्ता पूर्ण झाला की पाठवतो. अर्धवट बघून लोक घाई करतात."

शंभूराज हा राजनंदिनीचा धाकटा भाऊ. प्रत्यक्ष कामाची सगळी जबाबदारी त्याच्यावर होती. ट्रॅक्टर त्याचा, माणसं त्याच्या ओळखीची, आणि रिकामं बसणं हे त्याच्या अंगाला ठाऊकच नव्हतं. अवधूतने नोव्हेंबरच्या शेवटी तक्ता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला. तो खडकोशीत कुणाच्याच फोनवर उघडला नाही. तरीही आठ जणांनी अंगठा दाखवला. तसाही फरक पडणार नव्हता, कारण शेजारच्या गावात विहिरीवर आलेलं खोदायचं मशीन दोन तास मोकळं होतं म्हणून शंभूराजने पाया पंधरा दिवसांपूर्वीच काढला होता.

"दाजी, तुमचं मोठं कागद सावकाश येऊ द्या," तो फोनवर म्हणाला. "आमी तवर चार खांब हुबं करतो."

अवधूत मनातून घाबरला, पण डिसेंबरात कंपनीत मान वर काढायला फुरसत नव्हती. त्याने दुसरी सोय केली. नानासो म्हणून गावातले एक गृहस्थ होते, एसटीत तेहतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते, आता निवृत्त. शिस्तीचा माणूस. अवधूतने त्यांना फोन करून देखरेख सोपवली. "रोज एक फेरी मारा, नाना. काय दिसतं त्याची नोंद ठेवा." नानासोंनी नवी वही आणली, बाभळीखाली प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि सकाळी नऊ ते दुपारी एक तिथे बसायला लागले.

ग्रुपवर फोटो येत राहिले. खांब, विटा, गिलावा, पत्रा. सगळे अगदी जवळून काढलेले आणि प्रत्येकात शंभूराजचा अंगठा. अवधूत एकेका कामापुढे हिरवी खूण करत गेला. जानेवारीच्या दहा तारखेला तो गाडी घेऊन कराडमार्गे खडकोशीला निघाला, तेव्हा त्याला चक्क सुट्टीवर निघाल्यासारखं वाटत होतं.

फाट्यावर त्याने गाडी थांबवली आणि काच खाली करून बघत राहिला. रस्त्याच्या कडेला एक उंच, नीट गिलावा केलेली, पांढरी भिंत उभी होती. दार नाही, खिडकी नाही. त्याला वाटलं, कुणाचं तरी गोदाम झालंय. मग तो उतरला आणि भिंतीला वळसा घालून पलीकडे गेला.

पलीकडे शेड होती. तीन बाजूंनी भिंती, वर पत्रा, आत सिमेंटचा बाक. बाकावर बसलं की समोर शंभूराजचा ऊस दिसायचा. तोही अगदी जवळून, हात लांब केला तर पान हाती यावं असा. रस्ता पाठीमागे, भिंतीपलीकडे. त्याच वेळी उंब्रजची एसटी आली असावी, कारण घरघर ऐकू आली, जवळ आली आणि न थांबता निघून गेली.

"मजबूत हाय की न्हाई?" शंभूराजने खांबावर थाप मारत विचारलं.

"शंभू, तोंड उसाकडे आहे."

"व्हय. पूर्वेला."

"एसटी पश्चिमेला आहे."

शंभूराजने एकदा उसाकडे आणि एकदा भिंतीकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत त्याला मान वर करून तसं बघायला वेळ मिळाला नसावा. "कोनशिला पूर्वेकडं होती," तो सावकाश म्हणाला. "मी म्हटलं, जिकडं कोनशिला, तिकडं तोंड."

संध्याकाळी पाचला अवधूतने सगळ्यांना शेडमध्येच बोलावलं. लालासाहेब, शंभूराज आणि नानासो बाकावर बसले, अवधूत उसाला पाठ टेकून उभा राहिला. कोनशिला पूर्वेला कुणी लावली, असं त्याने विचारलं.

"मी," लालासाहेब म्हणाले. "पूजेला पूर्वाभिमुखच बसत्यात. त्यात माझी चूक काय? आरंभ रीतीनं केला."

"आरंभ म्हणजे नारळ नव्हे, मामा. शेड कशासाठी, तिथं कोण थांबणार, हे ठरवणं म्हणजे आरंभ."

"मग तुमच्या कागदावर लिवायचं हुतं."

ते लिहिलेलं होतं. अवधूतने लॅपटॉप उघडून दाखवलं. क्रमांक त्र्याहत्तर: स्थळपाहणी करून शेडची दिशा निश्चित करणे. मात्र क्रमांक एकोणसत्तर म्हणजे रंगाची निवड, आणि सत्तर ते बहात्तर बाकाच्या कडा गोल हव्यात की चौकोनी यावर खर्ची पडले होते. मोठ्याने वाचताना त्याचं त्यालाच ते कसंसं वाटलं. त्याने लॅपटॉप मिटला आणि नानासोंकडे वळला.

"नाना, तुम्ही तर रोज इथे होता."

"रोज. एक दिस खाडा न्हाई." नानासोंनी वही काढली, चष्मा लावला आणि वाचलं. "एकोणीस डिसेंबर, सकाळी नऊ दहा. रस्त्याच्या बाजूनं भिंतीचं काम सुरू. दिशा चुकीची वाटते. वीस डिसेंबर, नऊ पाच. भिंत दोन फूट. दिशा चुकीचीच. एकवीस डिसेंबर..."

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"नोंद हाय की."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

नानासोंनी चष्मा काढून पुसला. "साहेब, तेहतीस वर्सं मी नोंद केली. गाडी उशिरा आली तर लिवायचं, उशिरा आली. ती लवकर आणायचं काम माझं नव्हतं. तुमी मला नोंद ठेवा म्हणाला. सांगा म्हणाला असता तर सांगितलं असतं."

उसात वाऱ्याने सळसळ झाली. शंभूराज उठला, बाहेर गेला आणि ट्रॉलीतून घण घेऊन आला.

"कशाला बोलत बसायचं? सोळा दिस हायती. ही भिंत आत्ता पाडतो, उद्या तिकडं नवी बांधतो."

त्याने घण खांद्यावर घेतला. अवधूतने पुढे होऊन त्याचा दांडा धरला. तो तसा अंगाने किरकोळ, त्यामुळे शंभूराजने घण उचलला तसा तोही टाचा उचलून उभा राहिला.

"दोन दिवस दे," तो तशाच अवस्थेत म्हणाला. "मी नीट आराखडा करतो."

"तुमचं दोन दिस म्हंजी दोन म्हैनं, दाजी."

"मग एकच दिवस. आणि तक्ता करणार नाही."

शंभूराजने घण खाली ठेवला. अवधूतला स्वतःच्या शब्दांचं नवल वाटलं. आता त्या एका दिवसात करायचं काय, हे त्याला ठाऊक नव्हतं.

घरी राहीबाई उद्याच्या बाजारासाठी वांगी पाटीत भरत होत्या. नवऱ्याची पेन्शन असो वा नसो, परसातली वांगी वाया घालवायची नाहीत, असा त्यांचा नेम. बाजाराच्या दिवशी नऊ चाळीसची गाडी त्या चुकवायच्या नाहीत. भाकरी वाढताना त्या म्हणाल्या, "समदं ऐकलं मी. चांगली तासभर चर्चा झाली म्हणं. त्या शेडीत बसणार कोण, ते ठरलं का?"

"प्रवासी, मामी."

"परवासी म्हंजी आमीच की. आमाला कुणी इचारलं?"

अवधूतने मान खाली घातली. एकशे अठरा कामांत ते नव्हतं.

सकाळी तो राहीबाईंबरोबर फाट्यावर गेला. शेडीत कुणीच बसलेलं नव्हतं. सहा-सात बायका बाभळीखाली पाट्या, पिशव्या घेऊन थांबल्या होत्या. अवधूतने वही न काढता नुसतं बघायचं, ऐकायचं ठरवलं आणि तेच त्याला सगळ्यांत जड गेलं. राहीबाईंनी त्याला सांगितलं, गाडी वळणावर दिसली की बायकांना पाट्या डोक्यावर घ्यायला फक्त अर्धं मिनिट मिळायचं. भरलेली पाटी जमिनीवरून एकटीला उचलता येत नाही, त्यामुळे त्या एकमेकींना हात द्यायच्या. शेवटची उरायची तिला हात द्यायला कुणी नसायचं. ती मग कंडक्टरच्या तोंडाकडे बघत पाटी ओढत न्यायची.

"इथं छातीएवढा कट्टा पायजे," राहीबाई म्हणाल्या. "पाटी कट्ट्यावर ठेवली की मान खाली घालायची आन् उचलायची. कुणाची मिनतवारी नको."

"आणि ही भिंत पूर्ण पाडू? रस्त्याची बाजू मोकळी?"

राहीबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की राजनंदिनीची आठवण यावी. "पाऊस कुठनं येतो इथं? पश्चिमेकडनंच की. ही भिंत पाडलीसा, तर जून ते सप्टेंबर आमी शेडीत बसून भिजायचं. भिंत ऱ्हाऊ द्या. मधी रुंद दार काढा, दोन्ही अंगाला खिडक्या ठेवा. गाडी दिसली म्हंजी झालं. आन् बाक फिरवा."

बाकीच्या बायकांनीही आपापली भर घातली. एकीला खुंट्या हव्या होत्या, एकीला बाक इतका रुंद नको होता, की त्यावर दुपारी गडी माणसं झोपतील. नऊ चाळीसची गाडी दहा वाजता आली आणि अवधूतला त्याचा पहिल्यांदाच आनंद झाला.

संध्याकाळी त्याने शंभूराजला एक पान दिलं. त्यावर दहा कामं होती आणि भिंतीचं एक चित्र. चित्राच्या एका बाजूला मोठ्या अक्षरात "एसटी" आणि दुसऱ्या बाजूला "ऊस" असं लिहिलं होतं. शंभूराजने ते पान उलटसुलट करून पाहिलं आणि खिशात ठेवलं. "हे कळतंय," तो म्हणाला.

अवधूत तिथेच राहिला. दिवसा कंपनीचं काम सासऱ्यांच्या सोप्यावर बसून करायचा, सकाळ-संध्याकाळ फाट्यावर असायचा. रोज सकाळी सातला चहा घेताना सगळ्यांनी एकमेकांना तीन गोष्टी सांगायच्या, असा त्याने नियम केला: काल काय झालं, आज काय करणार आणि कुठे अडलंय. नानासोंना त्याने मुद्दाम बजावलं, की चूक दिसली तर वहीत लिहायच्या आधी तोंडाने सांगायची.

त्याचा परिणाम भलताच झाला. तेहतीस वर्षांचं साठलेलं बोलणं नानासोंच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. दार काढताना वीट तिरकी बसली, ते बोलले. माल पातळ झाला, बोलले. गवंडी तंबाखू मळायला थांबला, त्याची मिनिटं मोजून बोलले. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून टेप काढली आणि लिंपलेल्या प्रत्येक थराची जाडी मोजायला लागले. दुपारी शंभूराजने थापी टाकली आणि तो ट्रॅक्टरवर जाऊन बसला.

"एक तर ह्यांनी बांधावं, न्हाईतर मी बांधतो. दोगं मिळून जमणार न्हाई."

अवधूत दोघांच्या मधे उभा राहिला. कंपनीत असा प्रसंग आला की तो बैठक बोलवायचा. इथे बैठकीला बाक नव्हता, कारण तो कालच फोडला होता.

"नाना," त्याने विचारलं, "खडकोशीला एसटीच्या फेऱ्या किती?"

"तीन. सकाळची, दुपारची आन् मुक्कामी."

"तुम्हीही तीनदाच बोलायचं. सकाळी, दुपारी आणि मुक्कामी. मधे जे दिसेल ते वहीत लिहायचं. फक्त भिंत कुणाच्या अंगावर पडत असेल तर जादा गाडी सोडायची."

नानासोंनी बराच विचार केला. नियम वेळापत्रकाच्या भाषेत आल्यामुळे तो त्यांना पटला. त्यानंतर ते ठरल्या वेळी उभे राहून बोलायचे, आणि वेळ ठरलेली असल्यामुळे शंभूराजही कान देऊन ऐकायचा. कट्टा चार बोटं उंच झालाय, हे नानासोंनी दुपारच्या फेरीला सांगितलं म्हणूनच तो ओला असताना कमी करता आला. शंभूराजने तेव्हा काही कबूल केलं नाही. फक्त त्या दिवशी नानासोंची खुर्ची उन्हातून सावलीत सरकवून ठेवली.

लालासाहेबांना मात्र काम उरलं नव्हतं. ते रोज यायचे, हात मागे बांधून फिरायचे आणि दाराचं काम सुरू होण्यापूर्वी एखादा छोटासा नारळ फोडावा का, असं विचारून जायचे. अवधूतने त्यांना नावांच्या फळीचं काम दिलं. पहिल्या महायुद्धापासून गावातून कोण कोण गेलं, त्याची यादी करायची. लालासाहेब घरोघर हिंडले. सत्तावीस नावांनी सुरू झालेली यादी एकसष्टावर गेली. आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांनी एखादं काम कंटाळा न करता शेवटपर्यंत नेलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर कर्नलसाहेबांनी फीत कापली. एकसष्ट नावं वाचली गेली आणि तेवढा वेळ सगळा फाटा सावधानमध्ये उभा होता. मग लालासाहेब भाषणाला उभे राहिले. दोन वाक्यांत आभार मानून त्यांनी जाहीर केलं, की पुढच्या महिन्यात गावाच्या दुसऱ्या टोकाला व्यायामशाळेचं भूमिपूजन करायचं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शंभूराज म्हणाला, खोदायचं मशीन उद्या मोकळं आहे.

सांगलीहून कार्यक्रमाला आलेल्या राजनंदिनीने नवऱ्याकडे बघितलं. "तू उद्या घरी येणार ना?"

"येतो की. झालं सगळं."

"कुठं झालं?" मागून राहीबाई म्हणाल्या. त्या शेडीच्या दारात उभ्या होत्या. दारासमोर, रस्त्याच्या बाजूला, उरलेल्या वाळूचा ढीग, फुटक्या विटा आणि सेंट्रिंगच्या फळ्या पडल्या होत्या. कर्नलसाहेबांना तो पसारा दिसू नये म्हणून त्यावर ताडपत्री टाकून कुंड्या ठेवल्या होत्या. "गाडी कुठं थांबायची? आन् थांब्याची पाटी अजून पन्नास पावलं पुढंच हाय. डायवर पाटीपाशी थांबणार. आमी शेडीत बसायचं आन् गाडी आली की पळायचं व्हय?"

पाटी हलवण्याचा अर्ज हे तक्त्यातलं एकशे बारावं काम होतं. अवधूत तिथवर कधी पोहोचलाच नव्हता. कंपनीतही तो तिथवर क्वचितच पोहोचायचा. काम चालू झालं की अभिनंदनाच्या मेल जायच्या आणि सगळे पुढच्या कामाला लागायचे, हे त्याला उभ्या उभ्या आठवलं.

तो आणखी थांबला. दुसऱ्या दिवशी नानासोंना घेऊन आगारात गेला. नानासोंनी अर्ज असा लिहिला होता, की त्यातला एक शब्द कुणाला बदलावा लागला नाही. जुन्या सहकाऱ्यांनी त्यांना चहा पाजला आणि दहा दिवसांत पाटी हलली. तेवढ्यात वाळू शाळेच्या मैदानावर गेली, विटा रस्त्यातल्या खड्ड्यांत गेल्या. मशीन मोकळं असूनही व्यायामशाळेचा पाया निघाला नाही, कारण राहीबाईंनी ट्रॅक्टरची किल्ली पिठाच्या डब्यात ठेवली होती आणि फाट्यावरची शेवटची फळी उचलली जाईपर्यंत ती कुठे आहे हे त्यांना आठवत नव्हतं.

मग उसनी हत्यारं परत करायची राहिली. घमेली, फावडी, पाट्या जिकडच्या तिकडे गेल्या. एक पहार उरली. ती कुणाची, हे कुणालाच सांगता येईना.

"एवढ्यासाठी कशाला अडायचं, मामी? ठेवून देऊ घरात."

"कुणाची तरी हायच की ती," राहीबाई म्हणाल्या. "त्याचं काम अडलं आसंल."

त्यामुळे सांगलीचा जावई भर दुपारी खांद्यावर पहार घेऊन खडकोशीत दारोदार हिंडला. अकरा घरांत त्याला चहा घ्यावा लागला. प्रत्येक घरात पहार उचलून, वजन करून, आमची नव्हे म्हणून परत मिळाली. दोन घरांत तर ती ठेवून घ्यायचीही तयारी होती. शेवटी दिवस मावळताना वरच्या आळीला एका म्हातारीने ती लांबूनच ओळखली. तिच्या खुराड्याचं दार ती त्या पहारीने बंद ठेवायची. महिनाभर ती दाराला पाटा टेकवत होती, आणि रोज सकाळी तो पाटा उचलताना तिची कंबर धरायची.

"शंभ्या घेऊन गेला, म्हणाला, लगीच आणतो," ती म्हणाली. "तूच लाव आता. मला वाकवत न्हाई."

अवधूतने पाटा बाजूला केला, दार लावलं आणि पहार तिरकी टेकवली. ती घसरली. त्याने परत टेकवली, दगडाची पाचर दिली आणि दार दोनदा ओढून पाहिलं. पक्कं बसलं होतं. आत कोंबड्या शांत होत्या.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. अवधूत बॅग घेऊन राहीबाईंबरोबर फाट्यावर आला. स्वतःची गाडी त्याने आधीच राजनंदिनीबरोबर सांगलीला पाठवली होती. बाभळीखाली कुणी नव्हतं. बायका आत बाकावर बसल्या होत्या. खुंट्यांना पिशव्या होत्या, कट्ट्यावर पाट्यांची रांग होती. नऊ पन्नासला वळणावर गाडी दिसली. राहीबाईंनी कट्ट्यापुढे मान झुकवली, पाटी डोक्यावर घेतली आणि ताठ चालत दारातून बाहेर पडल्या. एसटी बरोबर त्यांच्यासमोर थांबली.

अवधूतला खिडकीजवळ जागा मिळाली. उंब्रजला सांगलीची गाडी पकडायची होती, पण त्या आधीच्या पाऊण तासात काही करायचं नव्हतं. कंडक्टरने तिकीट देऊन पुढे सरकायच्या आतच तो झोपी गेला. उंब्रजला राहीबाईंनी त्याला हलवून जागं केलं आणि पाटीतली सात-आठ कोवळी वांगी निवडून त्याच्या बॅगेत घातली.